वंगणाच्या दाबाचा काटा

गाडी किती वेगाने धावत आहे, टाकीत पेट्रोल किती उरले आहे आणि इंजिनातील पाणी किती तापले आहे, या तीन गोष्टी चालकाला आपल्या आसनावरून कळाव्यात अशी तजवीज बहुतेक मोटार-कारखानदारांनी आजवर केलेली आहे; परंतु जिच्या अभावी उत्तम स्थितीतील इंजिनसुद्धा काही मिनिटांत कायमचे बसू शकते त्या वंगणाच्या दाबाच्या बाबतीत मात्र पुष्कळ गाड्यांत एका लाल दिव्यावर मालकाची बोळवण करण्यात आलेली असते. चावी फिरवली की हा दिवा लागतो, इंजिन सुरू झाले की विझतो, आणि तो विझलेला आहे तोवर सर्व क्षेम आहे अशी आपण मनाची खातरजमा करून घेतो. वास्तविक या दिव्यामागे एक लहानसा स्प्रिंगचा खटका असतो, आणि वंगणाचा दाब दर चौरस इंचास साधारण ४ ते ७ पौंडांच्या खाली उतरल्याखेरीज तो खटका जुळत नाही. भरधाव वेगात ज्या इंजिनाला ४० पौंड दाब असावयास हवा, त्याचा दाब निम्म्याहून कमी होऊन १५ पौंडांवर आला, तरी दिवा मौनच पाळतो. आणि जेव्हा तो बोलतो तेव्हा बहुधा बेअरिंगेही बोलू लागलेली असतात.

ही उणीव भरून काढण्यासाठी बाजारात स्वतंत्र दाबमापक मिळतात, आणि ते बसवण्याचे काम, कारागिरीच्या दृष्टीने पाहता, फारसे अवघड नाही: इंजिनावर एक जोड, डॅशबोर्डावर एक तबकडी आणि त्या दोहोंमध्ये एक नळी किंवा चार-दोन वायरी, एवढाच सारा पसारा. परंतु तबकडीवरचा आकडा ज्या वाटेने येतो ती वाट जितकी निर्दोष, तितकाच तो आकडा विश्वसनीय. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी हा आकडा मुळात कशाचा आहे, हे समजून घेणे इष्ट होईल.

इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमधून वंगण वर खेचणारा पंप बहुतांशी एकमेकांत गुंतलेल्या दंतचक्रांचा असतो आणि दर फेऱ्याला तो एका ठराविक मापाचे तेल पुढे ढकलतो. पंप तेलाचा प्रवाह निर्माण करतो, दाब नव्हे; दाब उत्पन्न होतो तो त्या प्रवाहाला पुढे होणाऱ्या अडथळ्यामुळे, आणि हा अडथळा म्हणजे क्रँकशाफ्ट व तिची बेअरिंगे यांच्यामधील अत्यंत अरुंद फट होय. दोन इंच व्यासाच्या शाफ्टला ही फट सामान्यतः इंचाच्या दोन सहस्रांश, म्हणजे सुमारे ०.०५ मिलिमीटर, एवढी ठेवलेली असते. चाळीतल्या खालच्या मजल्यांवरचे सारे नळ एकाच वेळी सोडले म्हणजे वरच्या मजल्यावरची धार जशी करंगळीएवढी होते, तशीच गत येथे होते: बेअरिंगे झिजून फटी रुंदावल्या की तेल विनासायास निसटू लागते आणि मुख्य वाहिनीतला दाब उतरतो. त्यातही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की अशा फटीतून होणारी गळती फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली तर, बाकी सर्व परिस्थिती तीच राहिल्यास, गळती आठपट होते. काही सहस्रांश इंचांची झीज, जी डोळ्यांना दिसणेही दुरापास्त, ती दाबाच्या काट्यावर स्पष्ट उमटते ती याच कारणाने. तेल तापून पातळ झाले तरीही परिणाम त्याच दिशेने होतो. उलटपक्षी, पहाटेच्या गारठ्यात घट्ट झालेले तेल दाब इतका चढवते की, त्याला आवर घालण्यासाठी स्प्रिंगच्या जोरावर मिटून राहणारी आणि ठरावीक दाबाला उघडून जादा तेल परत चेंबरमध्ये सोडणारी एक झडप पंपाजवळ ठेवावी लागते.

येथे एका प्रचलित समजुतीचे निरसन करणे अगत्याचे आहे. पंपाचा दाब शाफ्टला उचलून धरतो आणि म्हणून ती बेअरिंगला टेकत नाही, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स या संस्थेसाठी बीचम टॉवर नावाचे अभियंते १८८३ च्या सुमारास रेल्वेच्या आसांसारख्या बेअरिंगांवर घर्षणाचे प्रयोग करीत होते. तेल घालण्याकरिता बेअरिंगच्या माथ्यावर त्यांनी एक छिद्र पाडले, तेव्हा त्या छिद्रातून तेल आत जाण्याऐवजी उलट बाहेरच येऊ लागले. बूच मारले तर तेही हळूहळू वर सरकून निघाले. अखेर तेथे दाबमापक लावला, तेव्हा बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचास अवघा १०० पौंड असताना, २०० पौंडांपर्यंत खुणा असलेल्या त्या मापकाचा काटा खुणांच्या पलीकडे गेला. फिरणारी शाफ्ट स्वतःच तेलाला आपल्याबरोबर ओढून एका निमुळत्या जागेत कोंबते आणि तेथे उत्पन्न होणारा दाबच तिचा भार तोलतो, ही उपपत्ती ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८६ मध्ये गणिताच्या आधारे मांडली, आणि वंगणशास्त्राची इमारत आजही त्याच पायावर उभी आहे. तात्पर्य, पंपाचे काम त्या निमुळत्या जागेला तेलाचा अखंड पुरवठा करण्याचे. आपला काटा दाखवतो तो पुरवठ्याच्या वाहिनीतला दाब, शाफ्टखालच्या पापुद्र्यातला नव्हे. पुरवठा सुरळीत आहे की नाही, आणि पुढच्या वाटा कितपत रुंदावल्या आहेत, एवढेच त्यावरून अनुमानता येते. परंतु इंजिनाच्या आयुष्याचा निकाल बव्हंशी या दोनच गोष्टींवर लागत असल्यामुळे हे अनुमान बहुमोल ठरते.

दाब मोजण्याच्या साधनांत दोन घराणी आहेत. पहिले यांत्रिक. पॅरिसमधील यंत्रज्ञ यूजेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये एकस्व घेतलेली वक्र, चपटी नळी हे त्याचे हृदय होय: एक टोक बंद असलेल्या या नळीत दाब शिरला की ती किंचित सरळ होऊ पाहते आणि तिच्या बंद टोकाची ती लहानशी हालचाल दात्यांच्या द्वारे काट्याला मिळते. वाफेच्या बॉयलरसाठी जन्मलेली ही युक्ती मोटारीतही तशीच वापरली जाते; फरक इतकाच, की इंजिनातून तबकडीपर्यंत एक बारीक तांब्याची किंवा नायलॉनची नळी न्यावी लागते आणि तिच्यात प्रत्यक्ष तेल भरलेले असते. हिला बॅटरी लागत नाही, तिचे उत्तर बिनचूक असते, आणि वर्कशॉपमध्ये पडताळ्यासाठी ठेवलेला मापक याच जातीचा असतो. परंतु नळीला चीर गेली तर तापलेले तेल चालकाच्या पायांवर सांडावयाचे, ही आपत्ती नाकारता येत नाही. म्हणून नित्याच्या गाडीसाठी दुसरे घराणे, म्हणजे विजेवर चालणारे मापक, अधिक पसंत केले जातात.

विजेच्या पद्धतीत इंजिनावर जो भाग बसतो त्याला सेंडर म्हणतात. त्याच्या पोटात एक पातळ पडदा असतो. तेलाने तो पडदा फुगवला की त्याला जोडलेला एक संपर्क रोधकाच्या वेटोळ्यावरून सरकतो आणि विद्युत्-रोध बदलतो. तबकडीतला काटा त्या रोधाचेच भाषांतर दाबाच्या आकड्यात करतो. आता हे भाषांतर सर्व कारखानदारांनी एकाच कोशावरून केलेले नाही, आणि बाजारात होणाऱ्या फसगतीचे मूळ बहुधा येथेच सापडते. युरोपीय वळणाच्या सेंडरांत, व्हीडीओ कंपनीच्या मालात उदाहरणार्थ, शून्य दाबाला सुमारे १० ओहम आणि पूर्ण दाबाला सुमारे १८० ओहम रोध असतो. अमेरिकी वळणाच्या पुष्कळ मापकांत शून्याला २४० आणि पूर्ण दाबाला ३३, असा सर्वस्वी उलटा क्रम असतो. पहिल्या जातीचा सेंडर दुसऱ्या जातीच्या तबकडीला जोडला, तर बंद उभ्या असलेल्या इंजिनाचा काटा कमाल दाब दाखवील आणि इंजिन सुरू होताच खाली येईल. म्हणून सेंडर व तबकडी एकाच जोडीची घ्यावीत, हा पहिला नियम. आणि जोडी फुटलेली असेल तर सेंडरचा निवांत स्थितीतला रोध मल्टीमीटरने मोजून मगच पैसे मोजावेत, हा दुसरा.

या ठिकाणी एका चमत्कारिक प्रकाराची नोंद करणे वावगे ठरणार नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात फोर्डच्या काही अमेरिकी गाड्यांत तबकडी आणि काटा तसाच ठेवून इंजिनावरचा सेंडर तेवढा बदलण्यात आला आणि त्याच्या जागी दिव्याचाच साधा खटका व एक ठराविक रोधक बसवण्यात आला. दाब ठरावीक मर्यादेच्या वर असला की काटा तबकडीच्या मध्यावर जाऊन स्थिर राहतो, मग तो दाब २० पौंड असो की ६०. सामान्य मालक हलत्या काट्याने उगाच चिंतातुर होतो, अशी त्यामागची भूमिका सांगितली जाते. काटा दिसतो म्हणून मापन होतेच असे नाही, हे ध्यानात येण्यास एवढे उदाहरण पुरेसे आहे. ज्या गाडीचा काटा थंड इंजिनाला व तापलेल्या इंजिनाला, मंद गतीला व वेगाला एकच उत्तर देतो, त्या काट्याच्या पाठीमागे काय आहे याची चौकशी अवश्य करावी.

आता प्रत्यक्ष बसवण्याकडे वळू. दिव्याचा खटका बहुतेक इंजिनांत ऑइल फिल्टरच्या आसपास, मुख्य तेलवाहिनीवर बसवलेला असतो, आणि नव्या सेंडरला जागा मिळते ती तेथेच. खटका काढून टाकून त्याच्या ठिकाणी सेंडर लावण्याचा मोह काहींना होतो, तो आवरावा. काटा पाहणाऱ्याला सांगतो, परंतु चालकाची दृष्टी रस्त्यावर असते. दिवा न पाहणाऱ्याचेही लक्ष वेधतो. दोघांची कामे भिन्न असल्यामुळे पितळेचा टी-जोड घालून दोघांनाही ठेवणे श्रेयस्कर.

इंजिन पूर्ण निवलेले असावे, बॅटरीचे ऋण टोक सोडलेले असावे आणि खटक्याभोवतीची माती पुसून काढलेली असावी. कारण तेथे पडलेला वाळूचा कण थेट वाहिनीत जाण्याचा संभव असतो. खटका काढल्यावर पहिली परीक्षा आट्यांची. या जागी मुख्यतः तीन प्रकारचे आटे भेटतात: अमेरिकी १/८ इंच एनपीटी, ज्याला इंचात २७ आटे असून कोन ६० अंशांचा आणि बांधा निमुळता असतो, ब्रिटिश १/८ इंच बीएसपी, ज्याला इंचात २८ आटे आणि कोन ५५ अंशांचा असतो, आणि मेट्रिक १० मिलिमीटर व्यासाचे, १ मिलिमीटर अंतराचे. तिघांची ठेवण इतकी मिळतीजुळती, की चुकीचा जोडही पहिले एक-दोन फेरे निमूटपणे आत जातो आणि मग अडतो. त्या क्षणी पान्यावर जोर दिला तर ॲल्युमिनियमच्या नरम अंगातले आटे कापले जातात आणि पाचशे रुपयांच्या जोडापायी इंजिनाची दुरुस्ती पदरी येते. काढलेल्या खटक्याच्या आट्यांवर आट्यांचे गेज लावून खात्री करावी, आणि नवा जोड हाताने तीन-चार फेरे सहज फिरेल तरच पुढे जावे.

निमुळते आटे आपल्या पाचरीने आणि त्यांवर लावलेल्या सीलंटने गळती रोखतात. समांतर आटे रोखत नाहीत, तेथे तांब्याचा वायसर हवा. टेफ्लॉन टेप वापरणाऱ्यांनी टोकाचे दोन आटे उघडे ठेवावेत. कारण सुटलेली टेपची चिंधी या ठिकाणाहून वाहिनीत शिरली तर फिल्टर मागे राहिलेला असतो आणि ती थेट बेअरिंगच्या छिद्रावर जाऊन बसू शकते. दुसरी गोष्ट अर्थिंगची. एकाच टोकाच्या सेंडरचे विद्युत्-मंडल त्याच्या धातूच्या अंगातून इंजिनात उतरून पूर्ण होते; आट्यांवर टेपचे जाड वेटोळे चढवले तर ही वाट अडखळते आणि रोध वाढल्यामुळे काटा खोटे सांगू लागतो. तिसरी गोष्ट कंपाची. सेंडर हा डबीएवढा जड असतो. लांब पितळी जोडाच्या टोकाला तो लोंबत ठेवला तर इंजिनाच्या अखंड थरथराटाने पितळ थकून तडकते, आणि त्या तडीतून इंजिनाचे सारे तेल रस्त्यावर जाते. यावर उत्तम उपाय म्हणजे जाळीच्या वेष्टनाची लवचीक नळी वापरून सेंडर शेजारच्या पत्र्यावर पट्टीने पक्का बसवणे. मात्र तसे केल्यास सेंडरच्या अंगाला स्वतंत्र अर्थची वायर बांधण्यास विसरू नये.

वायरींचे काम त्यानंतरचे. तबकडीच्या पाठीवर सामान्यतः तीन खुणा असतात: पुरवठा, अर्थ आणि सेंडर, प्रकाशाची वायर वेगळी. पुरवठा असा घ्यावा, की जो चावी फिरवल्यावरच जिवंत होतो. जर्मन पद्धतीच्या क्रमांकनात याला १५, अर्थला ३१ आणि दिव्यांच्या मंडलाला ५८ हे आकडे असतात. थेट बॅटरीवरून पुरवठा घेतला तर गाडी उभी असतानाही बॅटरी उतरत राहील. पुरवठ्याच्या मुळाशी ३ अँपिअरपेक्षा अधिक नसलेला फ्यूज घालावा. प्रकाशाची वायर पार्किंग दिव्यांच्या मंडलातून घ्यावी, म्हणजे रात्री तबकडी आपोआप उजळते. इंजिनातून येणारी सेंडरची वायर सायलेन्सरच्या तापलेल्या नळीपासून आणि स्पार्क प्लगच्या वायरींपासून दूर न्यावी, आणि मधल्या पत्र्यातून आत घेताना छिद्राला रबरी ग्रोमेट असल्याखेरीज घेऊ नये. पत्र्याची कड वायरचे आवरण कापते, वायर अर्थला टेकते, आणि मग आकड्याला काही अर्थ उरत नाही. जोडांना दाबून बसवलेले थिंबल वापरावेत. डाख दिलेली वायर डाखाच्या कडेशी ताठर होऊन कंपाने तुटते. जुन्या ब्रिटिश गाडीचे मालक असाल, तर आणखी एक सूचना: १९६७ पर्यंतच्या एमजीबीसारख्या काही गाड्यांत बॅटरीचे धन टोक अंगाला जोडलेले असते, आणि अशा गाडीत आजचा मापक जसाच्या तसा चालणार नाही.

सर्व जोड झाल्यावर इंजिन सुरू करून आधी तबकडीकडे नव्हे, तर जोडाकडे पाहावे. थेंब दिसला तर ताबडतोब बंद करावे. कोरडे आढळल्यास इंजिन पूर्ण तापू द्यावे, पुन्हा एकदा जोड पाहावा आणि डिपस्टिकवर तेलाची पातळी तपासावी. आणि मग एक काम करावे, जे बहुतेकजण करीत नाहीत: तापलेल्या इंजिनाचा मंद गतीवरचा दाब आणि मिनिटाला ३,००० फेऱ्यांवरचा दाब एका वहीत तारखेसह टिपून ठेवावा. दर हजार फेऱ्यांना १० पौंड, हा मेकॅनिकांचा जुना ठोकताळा आहे आणि अंदाजासाठी तो वाईट नाही. परंतु कारखान्याच्या पुस्तिकेतला आकडा त्याहून श्रेष्ठ, आणि स्वतःच्या गाडीची स्वतःच ठेवलेली नोंद त्या दोहोंहून उपयुक्त. बोरघाट चढून आलेल्या गाडीचा काटा उन्हाळ्यात मंद गतीला १२ पौंड दाखवतो, यात भिण्यासारखे काही आहे की नाही, हे गेल्या उन्हाळ्यात त्याच जागी तो काय दाखवीत होता यावरून ठरते.

काट्याच्या चालीवरूनही पुष्कळ कळते. महिन्यामहिन्याने हळूहळू उतरणारा दाब झिजेचा असतो. वळणावर किंवा जोराच्या ब्रेकला अचानक खाली जाऊन पुन्हा वर येणारा काटा चेंबरमधले तेल कमी झाल्याचे आणि पंप हवा ओढत असल्याचे सांगतो. तापल्यावरही कमालीच्या जवळ राहणारा काटा समाधानाचा विषय नाही. तेल प्रमाणाबाहेर घट्ट असेल, झडप अडकली असेल किंवा पुढची वाट तुंबली असेल. आणि जो काटा क्षणार्धात टोकाला जाऊन क्षणार्धात परत येतो, त्याच्या मागे तेल नसून वायर असते. १० ते १८० ओहमच्या पद्धतीत वायर तुटली तर काटा कमाल टोकाला जातो आणि अर्थला टेकली तर शून्यावर पडतो, २४० ते ३३ च्या पद्धतीत याच्या नेमके उलट घडते.

मापकही बिघडू शकतो, हे एकदा कळले म्हणजे मनुष्याच्या ठिकाणी एक धोकादायक शहाणपण येते: काटा शून्यावर पडला की तो प्रथम वायरीवर संशय घेतो आणि गाडी पुढे हाकत राहतो. क्रम उलटा असावयास हवा. काटा पडला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, मग डिपस्टिक पाहावी, मग वायरी, आणि त्या निर्दोष आढळल्या तर वर्कशॉपमधला यांत्रिक मापक लावून पडताळा घ्यावा. वायर ढिली निघाली तर या साऱ्या खटाटोपाची किंमत अर्धा तास. दाब खरोखरच गेलेला असेल, तर वायरीवर संशय घेत काढलेल्या तेवढ्याच वेळाची किंमत संपूर्ण इंजिन होय. मापकावर अविश्वास दाखवण्याचा अधिकार प्रत्येक मालकाला आहे. फक्त तो इंजिन बंद केल्यानंतर बजावावयाचा असतो.